लेंड्यांवरून ओळखलेली पर्वतशेळी

खड्ड्यात ओल नसेल तर शेणखत कुजत नाही, हे शेतकऱ्यांस ठाऊकच आहे. अमेरिकेत कोलोरॅडो नदीने कोरलेल्या ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीतील काही गुहा अशाच कोरड्या ठणठणीत आहेत. म्हणूनच तेथे तेरा हजार वर्षांहून जुन्या लेंड्या, केस आणि शिंगांवरील कवचे टिकून राहिली.

ही हॅरिंग्टनची पर्वतशेळी होय. नेवाडातील एका गुहेत सापडलेल्या हाडांवरून चेस्टर स्टॉक यांनी १९३६ साली तिचे वर्णन केले. आजच्या अमेरिकन पर्वतशेळीहून ती लहान चणीची होती. आपल्या पाळीव शेळीची मात्र ती पूर्वज नव्हे. पाळीव शेळी पश्चिम आशियातील रानशेळीपासून आली.

हाडांवरून जनावराची चण समजते. त्याचा चारा लेंडीवरून समजतो. लेंडी फोडून त्यातील पाल्याचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता वनस्पती ओळखता येतात. ही शेळी गवत खाई व झुडपांचा पालाही ओरबाडी. लेंड्यांतील कार्बन तपासून तिचा काळही ठरविता आला. सुमारे १३,००० वर्षांपूर्वी ती नाहीशी झाली. माणसाने केलेली शिकार की पालटलेले हवामान, यावर विद्वानांचे एकमत नाही. एकाच कारणावर बोट ठेवणे आम्हांसही घाईचे वाटते.

या गुहांपैकी रॅम्पार्ट गुहेत १९७६ साली आग लागली. ज्या कोरडेपणामुळे तेथील शेणाचे थर टिकले होते, त्यामुळेच ते कित्येक महिने धुमसत राहिले. त्यांचा मोठा भाग जळून गेला.