उद्वाहकाची जन्मकथा

मालाचे पाळणे पूर्वीही होते. पण दोर तुटेल या भयाने माणूस त्यांत बसत नसे. १८५२ मध्ये न्यूयॉर्कजवळील याँकर्स येथे, पलंगांच्या कारखान्यातील यंत्रकुशल कारागीर एलिशा ओटिस यांनी त्यावर तोड काढली. दोराच्या ताणाने वाकलेली गाडीची कमान, दोर तुटताच सरळ होऊन दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडके. १८५३ मध्ये त्यांनी कारखाना काढला; गिऱ्हाइके मात्र मोजकीच मिळाली. तेव्हा १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात ते स्वतः पाळण्यावर उभे राहिले व त्यांनी दोर तोडविला. पाळणा जागीच थबकला. १८५७ मध्ये ब्रॉडवेवरील पाच मजली दुकानात त्यांचा प्रवासी उद्वाहक सुरू झाला. १८६१ मध्ये ते निवर्तले. पुढे चार्ल्स व नॉर्टन या पुत्रांनी व्यवसाय वाढविला. आपल्या शोधावर आधी स्वतः उभे राहणे, हे मला त्या कंपनीचे खरे भांडवल वाटते.