‘कोरोना बॅच’ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्याहून पौडच्या रस्त्याने पिरंगुट ओलांडलं की कासार आंबोली लागतं. मुळशीतलं हे गाव भातखाचरांचंही आहे आणि पिरंगुट पट्ट्यातल्या कारखान्यांच्या शेजाराचंही. त्यामुळे इथल्या प्राथमिक वर्गांत शेतकऱ्यांची आणि पोटासाठी बाहेरून आलेल्या कामगारांची मुलं एका बाकावर बसतात. जून २०२० मध्ये ज्यांचं नाव पहिलीच्या पटावर चढलं, ती मुलं २०२५-२६ मध्ये सहावीत पोचली. शिक्षक-पालकांच्या बोलण्यात त्यांची ओळख एकच, ‘कोरोना बॅच’. गणित चुकलं, अक्षर बिघडलं की बोट तिकडेच जातं. या मुलांबद्दलच्या काही पक्क्या समजुती तपासून पाहायला हव्यात.

गैरसमज १ : शाळा एकदा बंद झाली आणि एकदा उघडली.

वस्तुस्थिती : शाळा हप्त्याहप्त्याने उघडली, आणि मध्येच पुन्हा मिटली. मार्च २०२० मध्ये राज्यातल्या शाळा बंद झाल्या. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावी आणि २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू करायला परवानगी मिळाली, पण दुसऱ्या लाटेत तेही थांबले. १५ जुलै २०२१ पासून कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग भरू लागले. ४ ऑक्टोबरपासून ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे सगळे वर्ग भरू लागले. पहिली ते चौथीला परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून, म्हणजे वीस महिने उलटून गेल्यावर. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे शाळा पुन्हा बंद झाल्या. पुणे जिल्ह्यात त्या १ फेब्रुवारीपासून भरल्या, आणि आठवीपर्यंतच्या मुलांना सुरुवातीला चारच तास. याचा अर्थ, २०२० साली पहिलीत गेलेल्या मुलाने वर्गात पहिलं पाऊल टाकलं तेव्हा त्याचं दुसरीचं वर्ष अर्धं सरलेलं होतं. सलग, पूर्ण वर्ष शाळा त्याला मिळाली ती थेट तिसरीत.

गैरसमज २ : शाळा बंद असली तरी ऑनलाइन शिक्षण चालूच होतं.

वस्तुस्थिती : अभ्यास पाठवला जात होता, पण तो पोचत होता असं नाही. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ या उपक्रमातून रोजचा अभ्यास मोबाइलवर पाठवला. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. अनेक शिक्षक वाडी-वस्तीवर जाऊन देवळात, ओसरीवर, अंगणात मुलांना शिकवत राहिले. सोलापूरच्या निलमनगरात तर घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. तरीही ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह १५ राज्यं-केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत झालेल्या ‘स्कूल’ सर्वेक्षणात ग्रामीण भागातली जेमतेम ८ टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती, तर ३७ टक्के मुलांचा अभ्यास पूर्ण थांबलेला होता. घरात फोन एकच असेल आणि तो वडिलांबरोबर कंपनीत जात असेल, तर सकाळी आलेला धडा मुलाला दिसायला रात्र होते. शिवाय ज्याला अजून वाचता येत नाही, त्याला पडद्यावर लिहून आलेल्या सूचनेचा उपयोग काय?

गैरसमज ३ : लहानांना धोका जास्त म्हणून त्यांचे वर्ग शेवटी उघडले, आणि तेही लस आल्यावर.

वस्तुस्थिती : या आजाराचा गंभीर त्रास लहान मुलांना मोठ्यांच्या मानाने बराच कमी होत होता. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने जुलै २०२१ मध्येच सुचवलं होतं की शाळा उघडायच्या तर प्राथमिकपासून सुरुवात करावी. त्याच सुमाराच्या देशव्यापी रक्तचाचण्यांत ६ ते ९ वयाच्या ५७.२ टक्के मुलांत प्रतिपिंडं आढळली, म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग होऊनही गेला होता. आपण क्रम उलटा लावला. लसीचं म्हणाल, तर १५ ते १८ वयोगटाचं लसीकरण ३ जानेवारी २०२२ ला आणि १२ ते १४ चं १६ मार्च २०२२ ला सुरू झालं. पहिली-दुसरीची मुलं लसीशिवायच शाळेत आली.

गैरसमज ४ : राहिलेला अभ्यास सेतू अभ्यासक्रमाने भरून निघाला.

वस्तुस्थिती : दुसरी ते दहावीसाठीचा ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम १ जुलै २०२१ पासून सुरू झाला, तेव्हा प्राथमिक शाळांना कुलूप होतं. जी मुलं मोबाइलअभावी मागे पडली, त्यांच्यापर्यंत तो पुन्हा मोबाइलवरूनच जाणार होता. दुसरी अडचण अशी की न शिकवलेल्या भागाबरोबर शिकलेलंही पुसलं गेलं होतं. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या १६,०६७ मुलांची पाहणी केली. त्यांतल्या ९२ टक्के मुलांनी भाषेतलं आणि ८२ टक्के मुलांनी गणितातलं आधी येत असलेलं किमान एक कौशल्य गमावलं होतं. महाराष्ट्र त्या पाच राज्यांत नव्हता, पण शाळा इथेही तितक्याच बंद होत्या. पाया खचलेला असताना वरचा मजला चढवायची घाई उपयोगाची नव्हती.

गैरसमज ५ : नुकसान झालं ते पाढ्यांचं आणि बाराखडीचं.

वस्तुस्थिती : शाळेत मूल जेवतंही. प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदळाचं, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं देणारं गरम जेवण हा पोषण आहाराचा निकष आहे. बंदच्या काळात तांदूळ-डाळ घरी दिली गेली, पण घरी आलेला शिधा सगळ्या कुटुंबाच्या चुलीवर शिजतो. शाळेतच मूल रांगेत उभं राहायला, आपली पाळी येईपर्यंत थांबायला, चाळीस मिनिटं एका जागी बसायला शिकतं. परराज्यातून आलेल्या कामगाराच्या मुलाच्या कानावर तर रोजची मराठी पडते ती वर्गात आणि मैदानावर. दोन वर्षं ती बंद पडली की पुस्तकातली मराठी त्याला परकीच वाटणार.

गैरसमज ६ : परीक्षा न घेता वर ढकललं, म्हणून मुलं कच्ची राहिली.

वस्तुस्थिती : एप्रिल २०२१ मध्ये पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेविना पुढच्या वर्गात नेलं, हे खरं. पण मागे ठेवून काय साधलं असतं? वर्ग तोच ठेवला तरी शाळा बंदच राहणार होती. शिक्षण हक्क कायदा मुलाला वयाप्रमाणे वर्ग देतो आणि मागे पडलेल्याला विशेष प्रशिक्षणही देऊ करतो. त्यातली पहिली गोष्ट सगळीकडे झाली, दुसरी शिक्षकाच्या सवडीवर राहिली. चौथीच्या वर्गात बसलेल्या मुलाला दुसरीचं वाचन शिकवण्यात कमीपणा नाही.

गैरसमज ७ : कामगारांची मुलं परतलीच नाहीत, आणि परतली तरी दाखल्याविना प्रवेश नाही.

वस्तुस्थिती : ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीनुसार ग्रामीण भारतात ६ ते १४ वयाच्या मुलांची पटनोंदणी २०१८ मध्ये ९७.२ टक्के होती, ती २०२२ मध्ये ९८.४ टक्के झाली. महाराष्ट्रात जुलै २०२२ मध्ये ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ राबवून शाळाबाह्य आणि स्थलांतरित मुलं शोधली गेली. आधीच्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं शिक्षण हक्क कायद्यातच आहे.

गैरसमज ८ : ही पिढी वाया गेली. किंवा उलट, आता सगळं सुरळीत झालं.

वस्तुस्थिती : दोन्ही टोकं चुकीची. ‘असर’ ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचायला देतो. देशभरात २०१८ मध्ये ५०.५ टक्के मुलांना तो वाचता आला, २०२२ मध्ये ४२.८ टक्के आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्के मुलांना. २०२४ ची ही पाचवी म्हणजे २०२० ची पहिली, म्हणजेच आपली ‘कोरोना बॅच’. पहिलीचं जवळपास सगळं वर्ष घरात काढलेली ही मुलं कोरोनाआधीच्या पाचवीच्या जवळपास आली, ही त्यांची आणि त्यांच्या शिक्षकांची कमाई आहे. मात्र यातली निम्मी मुलं दुसरीचा उतारा वाचू शकली नाहीत आणि कोरोनाच्या आधीही हेच चित्र होतं. सगळा दोष महामारीवर टाकला की हा जुना आजार झाकला जातो.

तेव्हा पालकांनी मुलाला कोरोना बॅचचं म्हणून हिणवू नये आणि तीच सबब पुढेही करू नये. दुसरीचं पुस्तक त्याच्या हाती द्यावं, एक पान मोठ्याने वाचायला सांगावं. अडखळलं तर रागावू नये, दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बाईंशी, गुरुजींशी बोलावं. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. पुढच्या बैठकीत रंगकाम आणि कंपाउंडच्या आधी एक प्रश्न जरूर विचारा : आपल्या शाळेतल्या किती मुलांना आज नीट वाचता येतं, आणि उरलेल्यांसाठी रोज किती वेळ दिला जातो?