मोडीत काढण्यापूर्वी

घरातल्या जुन्या यंत्रांविषयी आपले निदान फार लवकर ठरते. संगणक हळू चालू लागला, की ‘आता याचे वय झाले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण वाचकहो, पुष्कळदा त्या बिचाऱ्याला जागा अपुरी पडत असते, एवढेच!

संगणकातली जागा दोन प्रकारची. हार्ड डिस्क हे फडताळ आणि रॅम हा ओटा. फडताळात डबे कितीही असोत, स्वयंपाक व्हायचा तो ओट्यावरच. ओटा भरला, की एक डबा आत ठेवा, दुसरा बाहेर काढा, अशी धावपळ सुरू होते, आणि आपण पडद्याकडे पाहत बसतो.

आमचा संगणक २०१४ सालचा, ४ जीबी रॅमचा. माझी टिपणे, सौ.कडचे गृहसंस्थेचे हिशेब आणि मुलीचा अभ्यास, सारे त्याच्यावरच. दुकानदाराने नव्याचा आकडा सांगितला चाळीस हजारांचा. आणि त्याच महिन्यात मुलीची फी भरायची होती. तेव्हा म्हटले, आधी रोगाची परीक्षा करू.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबल्या, की टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीची कामे चालू ठेवून त्यात मेमरी किती टक्के भरली आहे ते पाहावे. आकडा सतत नव्वदीच्या आसपास असेल, तर रॅम वाढवल्याने गुण येईल. निम्म्यावरच असेल, तर दुखणे निराळे, बहुधा हार्ड डिस्कचे. मग रॅमचा खर्च पाण्यात. आमच्याकडे आकडा निघाला त्र्याण्णव.

रॅम घेताना पिढी जुळावी लागते. डीडीआर-३च्या पट्टीला २४० पिना, डीडीआर-४ला २८८. मधली खाचही वेगळ्या जागी, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. लॅपटॉपची पट्टी आखूड, तीही चालत नाही. मदरबोर्ड किती रॅम घेतो, हे त्याच्या माहितीपुस्तकात पाहावे. विंडोज ३२-बिट असेल, तर घरगुती संगणकात ४ जीबींच्या पुढची रॅम वायाच जाते. जुन्या पट्टीसारखीच दुसरी मिळाली, तर उत्तम.

बसवणे मात्र सोपे. वायर काढावी, कॅबिनेट उघडून त्याच्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. स्लॉटचे खटके उघडावेत, खाच जुळवावी आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. ‘खट्’ असा आवाज आला, की पट्टी बसली. चालू केल्यावर नुसत्या शिट्ट्या ऐकू आल्या, तर वायर पुन्हा काढून पट्टी नीट बसवावी. मुलीने हे काम दहा मिनिटांत उरकले. पट्टीला लागले हजाराच्या आत.

रॅम हे संजीवनी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि जुना प्रोसेसर रॅम वाढवून विंडोज ११च्या पात्रतेचा होत नाही. अशा संगणकावर लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली घालता येते. आम्ही तेच केले. त्या महिन्यात मुलीची फी वेळेवर भरली गेली, आणि सौ.च्या हिशेबातही खंड पडला नाही.

दिवाळीच्या साफसफाईत जुना संगणक मोडीत काढायचे ठरवलेच असेल, तर त्याआधी एकदा त्याचा ओटा किती भरला आहे, ते जरूर पाहा!