विश्लेषण : ऑरगॅनिक केमिस्ट्री पाठांतराने का जमत नाही?

अमेरिकेतील न्यूयॉर्क विद्यापीठाने २०२२ मध्ये नवे सत्र सुरू होण्याच्या तोंडावर एका ८४ वर्षांच्या प्राध्यापकांचे कंत्राट संपुष्टात आणले. मेटलंड जोन्स हे त्यांचे नाव. त्याआधी अनेक वर्षे प्रिन्स्टनमध्ये शिकवलेले आणि याच विषयावर प्रसिद्ध पाठ्यपुस्तक लिहिलेले. त्यांच्या वर्गातील ३५० पैकी ८२ विद्यार्थ्यांनी अर्ज करून तक्रार केली होती की, मेहनतीच्या मानाने गुण मिळत नाहीत. प्राध्यापकांना काढा, अशी मागणी त्या अर्जात नव्हती. जोन्स यांचे म्हणणे होते की, विद्यार्थी प्रश्नच नीट वाचत नाहीत आणि करोनानंतर परिस्थिती आणखी बिघडली.

विषय होता ऑरगॅनिक केमिस्ट्री, म्हणजे सेंद्रिय रसायनशास्त्र. अमेरिकेत बहुतेक मेडिकल कॉलेजांत प्रवेश हवा असेल तर पदवीला हा विषय घ्यावा लागतो, त्यामुळे तिथे तो डॉक्टरकीच्या वाटेवरचा टोलनाकाच समजला जातो. आपल्याकडे बीएस्सी किंवा बी. फार्मच्या वर्गात चौकशी केली, तर कपाळावरच्या आठ्या फारशा वेगळ्या दिसणार नाहीत.

बारावीपर्यंत जमते, मग अडते कुठे?

‘नीट’मध्ये २०२५ पासून १८० प्रश्नांसाठी १८० मिनिटे मिळतात. त्यातले ४५ प्रश्न रसायनशास्त्राचे. एका प्रश्नाला सरासरी मिनिटभर आणि समोर चार पर्याय. ‘एमएचटी-सीईटी’ही पर्यायांचीच. अशा परीक्षेत आल्डोल, कॅनिझारो, सँडमायर अशी नावे, त्यांचे रिएजंट आणि शेवटी मिळणारा पदार्थ पाठ असला की बरेचसे काम भागते. दोन वर्षे हीच सवय मुरते. विद्यार्थ्यांचा यात दोष काढता येत नाही, परीक्षाच तशी आहे.

पदवीला मात्र प्रश्न बदलतो. पदार्थ कोणता बनेल, याबरोबरच तो कसा बनला ते पायरीपायरीने काढून दाखवावे लागते. यालाच मेकॅनिझम म्हणतात.

प्रोपीन आणि हायड्रोजन ब्रोमाइडची अभिक्रिया घ्या. बारावीला मार्कोव्हनिकॉव्हचा नियम शिकवला जातो : दुहेरी बंधातल्या ज्या कार्बनकडे आधीच जास्त हायड्रोजन आहेत, नवा हायड्रोजन त्याच्याकडेच जातो आणि ब्रोमीन दुसऱ्याकडे. नियम लावला की उत्तर बरोबर येते. आता प्रोपीनच्या जागी ३-मिथाइल-१-ब्युटीन घ्या. नियमाप्रमाणे ब्रोमीन दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर बसायला हवा. प्रत्यक्षात तो बऱ्याच प्रमाणात तिसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर सापडतो, जिथे मुळात दुहेरी बंधच नव्हता.

नियम पाठ केलेला विद्यार्थी इथे अडकतो. मेकॅनिझम समजलेल्याला मात्र हे कोडे वाटत नाही. हायड्रोजन आधी जोडला जातो आणि दुसऱ्या कार्बनवर धन भार येतो. असा भार तीन कार्बनना जोडलेल्या कार्बनवर अधिक स्थिर राहतो आणि तसा कार्बन शेजारीच असतो. मग शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन आपले दोन इलेक्ट्रॉन घेऊन इकडे सरकतो, भार तिकडे जातो आणि ब्रोमीन भाराच्या मागे जातो. मार्कोव्हनिकॉव्हने १८७० च्या सुमारास नियम मांडला, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. या कारणापर्यंत रसायनशास्त्र बऱ्याच नंतर पोहोचले.

बाणांची भाषा आणि माटुंगा

हे सगळे कागदावर दाखवायचे साधन म्हणजे वक्र बाण. जिथे इलेक्ट्रॉन आहेत तिथून बाण निघतो आणि जिथे त्यांची कमतरता आहे तिथे पोहोचतो. नियम एवढाच, पण पहिल्या वर्षी सर्रास होणारी चूक म्हणजे बाण धनभारित हायड्रोजनपासून सुरू करणे. त्याच्याकडे द्यायला एकही इलेक्ट्रॉन नसतो. बाण उलटा पडला की पुढची अख्खी पायरी चुकते.

या बाणांचा उगम विल्यम कर्मॅक आणि रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या १९२२ च्या शोधनिबंधात मानला जातो. रॉबिन्सन यांना पुढे १९४७ चे नोबेल मिळाले. त्यांच्याकडे मँचेस्टरमध्ये संशोधन केलेले कृष्णस्वामी वेंकटरामन नंतर मुंबईच्या यूडीसीटीचे, म्हणजे माटुंग्याच्या आजच्या आयसीटीचे, प्रमुख झाले आणि १९५७ मध्ये पुण्याच्या एनसीएलचे पहिले भारतीय संचालक. एमएस्सीच्या पुस्तकांत भेटणाऱ्या ‘बेकर-वेंकटरामन’ अभिक्रियेतले वेंकटरामन हेच.

दुसरी अडचण डोळ्यांची. रेणू त्रिमितीय असतो आणि वही सपाट. कार्व्होन नावाच्या रेणूची दोन रूपे आहेत, उजव्या-डाव्या हातासारखी एकमेकांची आरशातली प्रतिमा. एकाला पुदिन्याच्या जातीतल्या स्पिअरमिंटचा वास येतो. दुसरे शहाजिऱ्यात आणि शेपूच्या बियांत असते. वहीत दोघांतला फरक एका ठळक किंवा तुटक रेघेचा असतो.

हे कळून पुढे उपयोग काय?

औषधनिर्मितीत तो थेट दिसतो. व्हॅल्सार्टन हे रक्तदाबावरचे औषध २०१८ मध्ये अनेक देशांत बाजारातून परत घ्यावे लागले. त्यात एनडीएमए ही अशुद्धी सापडली होती. माणसात कर्करोगाला कारणीभूत ठरू शकणाऱ्या पदार्थांत तिची गणना होते. चीनमधील एका उत्पादकाने काही वर्षांपूर्वी प्रक्रिया बदलली होती. नव्या पद्धतीत डीएमएफ हे द्रावक होते आणि उरलेले अझाइड नष्ट करायला सोडियम नायट्राइट वापरले जात होते. डीएमएफपासून थोडे डायमिथाइलअमाइन तयार होते, आम्लात नायट्राइटपासून नायट्रस आम्ल बनते आणि हे दोघे भेटले की एनडीएमए. दुय्यम अमाइन अधिक नायट्रस आम्ल ही अभिक्रिया बारावी-बीएस्सीच्या पुस्तकात असते. ती पाठही अनेकांना असते, पण आपल्याच भांड्यात ती होत असेल हे ओळखायला द्रावकाकडेही संशयाने बघावे लागते.

अभ्यास कसा करावा?

हातात पेन्सिल घेऊन. सोडवलेले उत्तर वाचताना सगळे समजल्यासारखे वाटते, पुस्तक मिटून तेच मेकॅनिझम कोऱ्या पानावर काढताना दुसऱ्याच बाणाला गाडी अडते. अडली तिथेच अभ्यास करायचा असतो. त्रिमितीसाठी मॉडेल किट उत्तम, नसेल तर मातीचे गोळे आणि टूथपिक चालतात. आपल्याकडे पिढ्यांनी मॉरिसन-बॉयड वाचले. क्लेडन, ग्रीव्ह्ज आणि वॉरन यांचे पुस्तक बाराशेहून अधिक पानांचे आहे, पण ते बाणांपासून समजावत जाते. वाचनालयातून आणून सुरुवातीची प्रकरणे वाचली तरी पुरे. आयआयटीच्या प्राध्यापकांची या विषयावरची व्याख्याने ‘एनपीटीईएल’वर मोफत आहेत. ती दीडपट वेगाने ऐकण्याचा मोह होतो. या विषयात उलट दर दोन मिनिटांनी व्हिडिओ थांबवून पुढचा बाण आपणच काढून बघावा लागतो.