चेहरा सगळ्यात शेवटी

मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयाला लागून संत निकोलसचे चर्च आहे. तिथे काचेच्या पेटीत ‘व्लादिमीरची देवमाता’ आहे. बाळ येशूने आईच्या गालाला गाल लावला आहे. आई मात्र बाळाकडे बघत नाही, आपल्याकडे बघते. बाराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला रंगवलेली ही प्रतिमा कीव्हमार्गे ११५५ मध्ये व्लादिमीरला गेली आणि १३९५ मध्ये, तैमूर चालून येतो आहे म्हणून, मॉस्कोला आणली गेली. तैमूर माघारी फिरला, श्रेय देवमातेला मिळाले. (तीन वर्षांनी हाच तैमूर दिल्लीत शिरला.) पुढे पिढ्यान्‌पिढ्या रशियन चित्रकारांनी हा चेहरा गिरवला.

नक्कल म्हटली की आपण नाक मुरडतो. तिथे न्याय उलटा होता. १५५१ च्या मॉस्कोतल्या धर्मसभेने चित्रकारांना बजावले, की जुन्या ग्रीक चित्रकारांनी आणि रशियन प्रतिमाकार आंद्रेई रुब्लेव्हने काढले तसेच काढा, पदरचे काही घालू नका. तसेच काढायचे तर आधी रेषा उचलायला हवी. त्यासाठी जुन्या प्रतिमेच्या बाह्यरेषांवरून लसणाचा रस घातलेला काळा रंग फिरवत. त्यावर तोंडाच्या वाफेने ओलसर केलेला कागद दाबला, की उलटा ठसा उमटे.

पण रेषा मिळाली म्हणजे चित्र आले असे नव्हे. खरे शिक्षण थरांचे. लाकडी फळीवर कापड चिकटवायचे, त्यावर खडूची पूड आणि सरस यांचे अस्तर पुन:पुन्हा चढवायचे, घासून गुळगुळीत करायचे. सोन्याचा वर्ख रंगाच्या आधी. रंग कालवायचा तो अंड्याच्या बलकात: पांढरे काढून टाकायचे, बलक पापुद्र्यासकट चिमटीत धरून टोचायचा आणि आतला द्रव तेवढा पाण्यात, थोड्या व्हिनेगरसह, मिसळायचा. हा रंग झटकन वाळतो. तेलरंगासारखे घोळवत बसता येत नाही.

चेहरा सगळ्यात शेवटी. वस्त्रे, इमारती, डोंगर आधी. पालेख, म्स्त्योरा या प्रतिमाकारांच्या गावांत तर चेहरेवाले कारागीर निराळे आणि बाकीचे रंगवणारे निराळे. चेहऱ्याची सगळी जागा आधी ‘सान्कीर’ नावाच्या काळपट हिरव्या रंगाने भरून टाकतात. नवख्याच्या पोटात इथेच गोळा येतो. मग पिवळ्या मातीचे एकाहून एक फिके थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा कमी जागेत. गालांना लाली. शेवटी डोळ्यांपाशी, नाकावर पांढऱ्याच्या चार बारीक रेघा. सावली वरून टाकायची नसते, ती खाली उरलेली असते. माझ्या मते हे नुसते बघून समजत नाही. देवमातेच्या चेहऱ्यावरची हिरवट छाया लावलेली नाही, सोडलेली आहे, हे हात त्या क्रमाने चालल्यावरच कळते.

या तालमीचा मोठा उपयोग झाला तो मात्र चित्रे काढताना नव्हे, पुसताना. प्रतिमांवर उकळलेल्या जवसाच्या तेलाचा हात देत. शंभरेक वर्षांत ते काळवंडे, मग कोणीतरी वरूनच पुन्हा रंगवून काढी. देवमातेवर १५१४, १५६६ आणि थेट झार दुसऱ्या निकोलसच्या राज्याभिषेकाच्या सुमारास असे रंग चढले. १९१८ मध्ये हे थर उतरवले म्स्त्योराच्या परंपरेतल्या ग्रिगोरी चिरिकोव्हने. दुसऱ्याचा हात गिरवण्यात ज्याची हयात गेली, त्यालाच एक हात कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते ओळखू आले. बाराव्या शतकातले म्हणून हाती लागले ते मुख्यतः दोन चेहरे. वस्त्रे, पार्श्वभूमी बहुतेक नंतरची. म्हणजे हे चित्र समोर ठेवून शिकणारा आज एकाच फळीवर अनेक शतकांचे हात गिरवतो, आणि वस्त्रापाशी एक शिस्त, चेहऱ्यापाशी दुसरी, असा सांधा त्याला सांभाळावा लागतो.

सोव्हिएत काळात ही विद्या जवळजवळ तुटलीच होती. मारिया सोकोलोव्हा, म्हणजे पुढची साध्वी युलियानिया, हिने १९५८ मध्ये मॉस्कोजवळच्या त्रिनिटी मठातल्या धर्मशास्त्र अकादमीत प्रतिमाचित्रणाचा छोटा वर्ग सुरू केला. सरकार निरीश्वरवादी, पण पद्धत जुनीच: आधी नक्कल, बाकी सगळे नंतर. ती १९८१ मध्ये वारली. १९९० मध्ये त्याच अकादमीत रीतसर चित्रशाळा निघाली.