रजेच्या अर्जात न मावलेलं

28 जुलै 2018 ला, शनिवारी, डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातले कर्मचारी दापोलीहून महाबळेश्वरच्या सहलीला निघाले आणि पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात त्यांची बस दरीत कोसळली. एकच जण वाचला. योगायोग असा, की मानसिक आरोग्य सेवा कायदा त्याच्या दोनच महिने आधी, 29 मे रोजी लागू झाला होता आणि मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरला होता. अपघातानंतरच्या बाकी गोष्टींच्या वाटा मळलेल्या असतात. पंचनामा, वारसांना मदत, अनुकंपा नियुक्ती, फंडाचे पैसे या सगळ्याला नियम आहे, नमुना आहे, नसला तर भांडायला जागा आहे. पण गेलेल्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून त्याच्याच अक्षरातली फाइल पुढे चालवणाऱ्याचं काय? सहकाऱ्याच्या मृत्यूसाठी आपल्याकडे वेगळी रजासुद्धा नाही. तेव्हापासूनच्या वर्षांचा हिशेब मांडताना वाटतं, की कर्मचाऱ्याच्या मनाला आधार द्यायला हवा हे आपण एव्हाना तोंडाने मान्य केलं, पण तो आधार व्याख्यानं, शिबिरं आणि जागतिक दिनांपुरताच ठेवला. सेवानियमांत तो शिरलाच नाही.

पुढची वर्षंही सोपी गेली नाहीत. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड झोडपून काढलं, तेही कोरोनाच्या ऐन भरात. महावितरणचे लोक आडवे झालेले खांब उभे करत राहिले, आशाताई घरोघर फिरत राहिल्या. त्यांचं कौतुक भरपूर झालं. कौतुक हा फुकटातला कल्याणनिधी आहे, तो कधी कमी पडत नाही. मग 2021 च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत ताणला गेला. त्या काळात राज्यभरातून कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. अशा मृत्यूंना एकच कारण चिकटवू नये, पण थकलेले पगार आणि डोक्यावरचं कर्ज ही काही मनातली आजारपणं नव्हेत. सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये टेलिमानस सुरू केलं. 14416 हा त्याचा क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि गरज पडेल त्याने तो जरूर फिरवावा. पण मुक्कामी गाडी घेऊन गेलेल्या चालकाला तो फोन करायला निवांत तास आणि आडोसा कुठे मिळणार, याचं उत्तर आरोग्य खात्याकडे नाही. ते ड्युटी लावणाऱ्याकडे आहे.

यावर गावाकडचा माणूस म्हणेल, इथे वाडी आहे, भावकी आहे, शिमगा-गणपती आहेत, शहरासारखा समुपदेशक कशाला? यात तथ्य आहे. दुखवट्याच्या दिवसांत वाडी जे करते ते कुठल्याही कंपनीला जमणार नाही. पण तीच वाडी सगळं ओळखते. वैद्यकीय रजा घ्यायची तर डॉक्टरच्या दाखल्यावर आजाराचं नाव येतं, दाखला आस्थापना शाखेतल्या लिपिकाच्या टेबलावर जातो, आणि तो लिपिक नात्यातला नाहीतर आळीतला निघतो. कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलाय खरा, पण रजेच्या अर्जाला त्याचा पत्ता नाही. मग माणूस ‘पाठदुखी’ लिहून मोकळा होतो. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासूनचं आहे, पण दापोलीहून एसटीने जाऊन यायचं तर पूर्ण दिवस मोडतो, आणि त्या दिवसाला कारण द्यावं लागतं.

अधिक वजनदार आक्षेप युनियनवाल्यांचा आहे: पगार, बदल्या, रिक्त पदं यांवर बोलायचं सोडून ध्यानधारणा कशाला शिकवता? त्यांच्या बाजूने पुरावाही आहे. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी 2024 मध्ये ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ताणनियोजनाचे वर्ग, मोबाइलवरची ॲप्स असल्या उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्यात त्यांना जवळपास फरक दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनाही कामाची रचना सुधारण्यावर भर देतात. म्हणून मला हा आक्षेप मान्य आहे. फक्त त्यावरून ‘मग काहीच नको’ असा निष्कर्ष काढणं मान्य नाही. आजाराचं नाव न छापणारा दाखला, अपघात किंवा आपत्तीनंतर हक्काचे चार दिवस, आणि गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या साहेबाच्या हाताबाहेर असलेला, पतपेढीने किंवा युनियनने नेमलेला बाहेरचा समुपदेशक, या मागण्या पगाराच्या मागणीशेजारीच बसतात. माणसं कुठून आणायची, हा शेवटचा प्रश्न उरतोच. पुरेसे मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक उभे करायला 2017 च्या त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारला तो लागू झाल्यापासून दहा वर्षं दिली आहेत आणि ती मुदत मे 2028 मध्ये संपते. अर्जाचा नमुना बदलायला मात्र एक परिपत्रक पुरतं, आणि ते काढण्यासाठी मनोविकारतज्ज्ञ लागत नाही.