मुरुमांवरील प्रकाशोपचार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पंचविशी-तिशी उलटूनही न हटणाऱ्या मुरुमांवरचा प्रकाशोपचार औषधाविना होतो, म्हणून तो निर्धोक असतो, हा समज अपुऱ्या माहितीवर उभा आहे. त्वचेच्या तैलग्रंथींत वाढणारा क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू पॉर्फिरिन नावाची द्रव्ये तयार करतो; ती द्रव्ये सुमारे ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश शोषून ऑक्सिजनचे क्रियाशील रूप निर्माण करतात आणि त्यातून जिवाणू मरतो. तांबडा प्रकाश अधिक खोल जाऊन सूज कमी करतो. उन्हात बसूनही हाच गुण येतो, हे मानणे चूक आहे, कारण उन्हातले अतिनील किरण या उपकरणांत नसतात.

खरी सावधगिरी हवी ती गव्हाळ-सावळ्या त्वचेबाबत. मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारे द्रव्य, तीव्र प्रकाशझोत आणि काही लेसरांची ऊर्जा स्वतःच शोषते, त्यामुळे भाजणे आणि त्यानंतर महिनोन्‌महिने टिकणारे काळे डाग यांचा धोका गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक असतो. प्रकाशसंवेदी लेप लावून केल्या जाणाऱ्या फोटोडायनॅमिक उपचारात आग, लाली, सूज आणि खपल्या अनेकदा होतात. लेप अमिनोलेव्हुलिनिक आम्लाचा असल्यास पुढील ४८ तास ऊन आणि प्रखर दिवे टाळावे लागतात. यवतमाळ जिल्ह्यात हे पथ्य पाळणे सोपे नाही, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी सुरू झाली की पदराने डोके झाकलेल्या बाईचेही गाल, नाक आणि हनुवटी दिवसभर उघडी राहतात. मुरुमांसाठी नेहमी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन ही गोळीही त्वचेला उन्हाबाबत हळवी करते. ती चालू असल्यास उपचार करणाऱ्याला सांगणे अत्यावश्यक आहे. घरी वापरायची उपकरणेही याला अपवाद नाहीत; डोळ्यांच्या सुरक्षेच्या शंकेवरून एक घरगुती प्रकाश-मुखवटा २०१९ मध्ये बाजारातून परत घेण्यात आला होता.

प्रकाशोपचाराने मुरुम कायमचे जातात, हा दावाही टिकत नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने २०१६ मध्ये अशा उपचारांच्या ७१ चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा ठाम निष्कर्ष काढण्याइतका भक्कम पुरावा आढळला नाही. प्रौढ स्त्रियांच्या जबड्याकडील मुरुमांमागे अनेकदा संप्रेरकांचा असमतोल असतो, आणि त्या असमतोलावर प्रकाशाचा काहीच परिणाम होत नाही. स्टिरॉइड मिसळलेली गोरेपणाची क्रीम दीर्घकाळ लावल्यानेही चिवट मुरुम येतात. ती क्रीम चालू असेपर्यंत कोणताही दिवा निरुपयोगी ठरतो, मात्र ती अचानक न थांबवता वैद्यकीय देखरेखीखाली सोडावी लागते.

म्हणून ब्यूटी पार्लरमधील यंत्रावर पैसे खर्च करण्याआधी यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे मुरुमांचे कारण तपासून घ्यावे आणि जाताना वापरातल्या सर्व क्रीम व गोळ्या सोबत न्याव्यात.